गोलासमोरची जागा

राजेश्रीने हॉकीच्या त्या हंगामात केलेला एकही गोल लांबून मारलेला नव्हता. सुकेशनी उजव्या बाजूने चेंडू घेऊन पळायची, गोलापुढच्या डीच्या रेषेपाशी आली की जोरात आत मारायची, आणि राजेश्री गोलकीपरच्या पुढ्यात कुठूनतरी उगवायची. कीपरच्या पॅडला लागून चेंडू परत आला तर त्यावर पहिली स्टिक हिचीच पडायची. वर्गातल्या काही पोरी म्हणायच्या, हिला सगळं आयतंच मिळतं. खेळ शिकवणारे योगीराज सर त्यांना म्हणायचे, "आयतं घ्यायला तिथं उभं राहावं लागतं. तुम्ही राहता का?" त्या जागी चेंडू नडगीवर बसतो, बोटांवर बसतो, आणि आपलीच पोरगी मागून मारत असते.

सरांनी तिच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. "गोलाजवळ माणूस बघायचा नाही. कोण आडवं आलंय, कुणाची स्टिक कुठं आहे, काही बघायचं नाही. चेंडू बघायचा."

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी ती चेंडूच बघत होती.

शाळा राणीसावरगावच्या पलीकडच्या एका वाडीवर होती. काळ्या जमिनीवर मुरूम टाकून केलेलं मैदान, दोन्ही टोकांना लोखंडी पाइपाचे गोल. गोलात पंकजा होती, राजेश्रीच्या मोठ्या चुलत्याची मुलगी. दोघी दहावीत, एकाच बाकावर बसणाऱ्या. सुकेशनीचा फटका पंकजाने पॅडवर घेतला. चेंडू उडून बाजूला पडला. सरांनी शिट्टी मारली असं पंकजाला वाटलं, म्हणून घाम पुसायला तिने हेल्मेट कपाळावर सरकवलं. शिट्टी वाजलीच नव्हती. राजेश्रीला मोकळा पडलेला चेंडू दिसला आणि तिने होता तेवढा जोर लावून मारला.

आवाज पॅडचा आला नाही, पाइपाचाही नाही.

पंकजा आधी खाली बसली. मग तिने हातमोजा ओढून काढला आणि डाव्या डोळ्यावर हात धरला. बोटांमधून रक्त मनगटाकडे उतरत होतं.

"मला दिसंना," ती म्हणाली. ओरडून नाही. पाणी संपलं, असं सांगावं तसं म्हणाली.

गंगाखेडच्या डॉक्टरांनी बघितल्यासारखं करून लगेच परभणीला न्यायला सांगितलं. तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात भुवईखालच्या हाडाला चीर निघाली. डोळ्यात रक्त साकळलं होतं. "आतल्या पडद्याला मार बसलाय का, ते रक्त उतरल्याशिवाय दिसणार नाही," डॉक्टर पंकजाच्या वडिलांना, रामहरीला म्हणाले. "पंधरा दिवस डोकं उंच ठेवून पडून राहू द्या. वाकायचं नाही, पळायचं नाही, जोरात शिंकायचंसुद्धा नाही."

"दिसंल ना पण?" रामहरीने विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

तेवढाच शब्द घेऊन ते घरी आले. आणि राजेश्रीही त्याच घरी राहत होती. तिचे आईवडील, धुरपदा आणि सुग्रीव, दिवाळीच्या पाडव्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला कर्नाटकाच्या बाजूला गेले होते. दहावीचं वर्ष म्हणून तिला चुलत्याकडे ठेवलं होतं. दोघींची अंथरुणं एकाला एक लागून पडायची. आता पंकजाला खाटेवर उशा रचून अर्धवट बसवलं होतं, आणि राजेश्रीने आपलं अंथरूण स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूला नेलं.

सरजाबाई, पंकजाची आई, राजेश्रीची मोठी माय, तोंडाने फटकळ बाई. एरवी दिवसभर तिचा आवाज गल्लीत ऐकू जायचा. "राजे, केस बांध. राजे, भाकर करपायली. राजे, कुठं मेलीस?" दवाखान्यातून आल्यापासून ती राजेश्रीशी एक शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची, पण तिच्याकडे न बघता. भाकरी ताटात पडायची आणि हात मागे जायचा.

राजेश्री पहाटे उठून हापशावरून पाणी आणायची, भांडी घासायची, शेण काढायची. काम संपलं की दुसरं शोधायची. मोठ्या मायची चाहूल लागली की ती हातातलं काम थांबवायची. आज बोलेल, आत्ता बोलेल. ती बोलली असती, मारलं असतं, तर बरं वाटलं असतं. मोठी माय नुसती बाजूने जायची.

फडावरून आईचा फोन यायचा. मागे उसाच्या पाल्याची सळसळ आणि कुणाचंतरी खोकणं ऐकू यायचं.

"पाय धर बाई तिचे," धुरपदा म्हणाली.

"धरले."

"काय म्हनली?"

"काईच न्हाई. पाय काढून घेतले आन चुलीपाशी गेली."

"मी आले आसते गं," धुरपदा म्हणाली. "पर मुकादम सोडंना." आणि फोन कट झाला. रेंज गेली की तिनेच ठेवला, राजेश्रीला कळलं नाही.

सरावाला जायला ती तयार नव्हती. रामहरीनेच तिला पाठवलं. "घरी बसून काय करनार हाईस? जा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण तो बोलताना दुसरीकडेच बघत होता.

निवडणुकीमुळे पुढे ढकललेल्या जिल्ह्याच्या स्पर्धेतला अंतिम सामना बाकी होता. सेलूच्या शाळेबरोबर, परभणीच्या मैदानावर. पंकजाच्या जागी नववीतली अपेक्षा उभी राहिली. पॅड तिच्या मांड्यांपर्यंत यायचे. सर रोज स्वतः तिच्या हेल्मेटचा पट्टा आवळायचे.

सुकेशनीने चेंडू आत मारला. अपेक्षाने अडवला. चेंडू राजेश्रीच्या पायापाशी आला आणि राजेश्रीने मान वर केली. तिला जाळीमागचे अपेक्षाचे डोळे दिसले. स्टिक हवेतच राहिली. चेंडू हळूच घरंगळत बाहेर गेला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, हिचा पट्टा ढिला वाटायलाय."

सरांनी पट्टा बघितला. घट्ट होता. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तिने मारायचं म्हणून मारलं, तर चेंडू गोलापासून लांब, शेजारच्या तुरीच्या रानात गेला. कुणीतरी हसलं. सुकेशनीने त्या पोरीकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

सरांनी राजेश्रीला बाजूला घेतलं. "नजर चेंडूवर ठेव."

"ऱ्हायना, सर."

"परभणीला तुझ्या जागी दुसरीला टाकू का?"

तिला हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं तर सगळ्यांना वाटेल की आपण मुद्दामच मारलं होतं, म्हणून आता तोंड लपवतोय. नाही म्हटलं तर पुन्हा गोलासमोर जावं लागेल. ती स्टिकच्या टोकाने मुरूम उकरत राहिली. सरांनी उत्तराची वाट बघितली आणि मग ते पोरींना पळायला लावायला गेले.

त्या आठवड्यात ती पंकजाजवळ बसलीच नव्हती. औषध द्यायला जायची, थेंब टाकायच्या वेळी बाटली मोठ्या मायच्या हातात द्यायची आणि बाहेर यायची. डोळ्यावर पांढरी पट्टी, पट्टीभोवती पिवळं-जांभळं झालेलं कातडं. तिकडे बघितलं की तिला तो आवाज पुन्हा ऐकू यायचा.

रविवारी दुपारी मोठी माय कापूस वेचायला गेली होती. पंकजाने खाटेवरून हाक मारली.

"राजे, इकडं ये. स्टिक घिऊन ये."

"कामून?"

"ये म्हनते ना."

राजेश्री दारात उभी राहिली. पंकजाने एका डोळ्याने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सुकेशनी येऊन सांगून गेली. तुझी स्टिक उठंना म्हने."

"तू पडून ऱ्हा. डॉक्टरनं सांगितलंय."

"मी पडलेलीच हाय. तुला खरं सांगू का? तुझ्या हिटचं मला कधीच भ्याव वाटलं न्हाई. हिट दिसती. हात मागं गेले की कळतं, आता येनार. लांबून आलेला चेंडू तर लयच सोपा. भ्याव वाटायचं ते सुकेशनीनं मारलेल्या चेंडूला तू मधीच नुस्ती स्टिक लावायचीस तवा. मी एकीकडं निघालेली आन चेंडू दुसरीकडं."

राजेश्री दारातून आत आली.

"तुला मारायचं कामच न्हाई. येग चेंडूतच आसतो. तू निस्ती दिशा बदल." पंकजाने चादरीतून पाय बाहेर काढले आणि खाटेखाली सोडले. "हे बघ. मी इकडं निघाले तर ह्या पायावर वजन आलं. वजन आलेला पाय उचलत न्हाई. कोनत्याच कीपरचा उचलत न्हाई. त्या पायाच्या भाईरच्या अंगानं चेंडू सार. मी काईच करू शकत न्हाई."

"सर म्हनत्यात माणूस बघायचा न्हाई."

"सर कधी गोलात हुबे ऱ्हायलेत का?" पंकजा म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "तू कायम चेंडू बघायचीस, राजे. मी तुला बघायची. त्या दिवशी तुला मी दिसलेच न्हाई. आता दिसायली ना कीपर? मंग बघ तिला. नीट बघ. तिचा पाय बघ."

राजेश्रीला रडू फुटलं. पंकजाने तिला रडू दिलं, आणि मग कांद्याच्या टोपलीतून एक कांदा घ्यायला सांगितला. राजेश्री स्टिक घेऊन खाटेपासून थोडी दूर उभी राहिली. पंकजा वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकायची आणि राजेश्रीने कांदा त्या पायाच्या बाहेरून सरकवायचा. मारायचा नाही, सरकवायचा. एकदा कांदा पंकजाच्या घोट्याला लागला तर राजेश्रीने स्टिकच टाकून दिली. पंकजा म्हणाली, "उचल." तिने उचलली.

त्याच वेळी दारात सावली पडली. मोठी माय डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन उभी होती. समोर खाटेवर पट्टी बांधलेली तिची पोरगी, पाय खाली सोडून बसलेली, आणि तिच्या पुढ्यात स्टिक घेतलेली राजेश्री.

गाठोडं खाली पडलं. मोठ्या मायने दोन पावलांत येऊन राजेश्रीच्या हातातून स्टिक हिसकावली. राजेश्रीने डोळे मिटले आणि गाल पुढे केला.

"माय, मीच बोलवलंय तिला," पंकजा म्हणाली.

मारलं नाही कुणी. राजेश्रीने डोळे उघडले तेव्हा मोठी माय स्टिक घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली होती. संध्याकाळपर्यंत ती आत आली नाही. स्टिक कुठे ठेवली ते राजेश्रीने विचारलं नाही. सामन्याच्या दिवशी पहाटे ती तिच्या दप्तराशेजारी भिंतीला टेकवलेली सापडली.

सामना आणि पंकजाची तपासणी एकाच दिवशी होती. रामहरी आणि मोठी माय पंकजाला घेऊन पहिल्या एसटीने परभणीला गेले. पोरी सरांबरोबर जीपमधून गेल्या. रस्ताभर राजेश्री सरांच्या खिशातल्या मोबाइलकडे बघत होती. मैदानावर पोचल्यावर तिने सरांना फोन लावायला सांगितला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. रामहरीचा फोन बंद.

"आत घेतलं असेल," सर म्हणाले. "तू खेळावर ध्यान दे."

आत काय सांगत असतील? बंद कामून केला फोन? दिसतंय म्हटलं असतं तर कुणीतरी कळवलं असतं. मैदानात उतरतानाही ती हाच हिशेब करत होती.

सेलूच्या पोरी अंगाने थोराड होत्या, आणि त्यांची कीपर तर फारच उंच. सुरुवातीलाच त्यांनी पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. अपेक्षा पडली तिथेच बसून राहिली. पंचांनी तिला उठवलं.

मध्यंतराच्या थोडं आधी राजेश्रीसमोर चेंडू मोकळा पडला. कीपर झेपावून आडवी झाली होती, हेल्मेट जमिनीला टेकलेलं, आणि चेंडू त्या हेल्मेटच्या जवळच. मागून सुकेशनी ओरडली, "मार!" राजेश्रीची स्टिक वर गेली आणि वरच राहिली. सेलूच्या एका पोरीने चेंडू काढून लांब टोलवला. सुकेशनीने दोन्ही हात डोक्याला लावले.

मध्यंतरात सर तिच्याजवळ आले. "राजेश्री, मी तुला बाहेर घेतो. काही हरकत नाही. कुणी काही म्हणणार नाही."

"न्हाई सर."

"मग खेळशील का? मारशील?"

"मारनार न्हाई," ती म्हणाली. "पर तिथंच हुबी ऱ्हाते."

सरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी तिला ठेवलं.

दुसऱ्या हाफमध्ये ती चेंडूपेक्षा कीपरलाच जास्त बघत राहिली. उंच पोरगी उजवीकडे निघाली की डावा पाय जमिनीत रोवल्यासारखा ठेवायची. दर वेळी. मधेच रामहरीचा बंद फोन आठवायचा. पण पाय दिसत होता.

सुकेशनी उजवीकडून आली. दोघींना चुकवून तिने आडवा फटका मारला. चेंडू कीपरच्या उजव्या अंगाला निघाला होता आणि कीपर तिकडे वळली. राजेश्रीने दोन्ही हातांनी स्टिक तिरकी धरून जमिनीला टेकवली आणि तशीच घट्ट ठेवली. चेंडू स्टिकवर आदळला, हातांना झिणझिण्या आल्या. तो रोवलेल्या डाव्या पायाच्या बाहेरून गेला आणि मागच्या फळीवर धाडकन वाजला.

तिने आधी कीपरकडे बघितलं. ती उभी होती, मागे वळून चेंडूकडे बघत होती. डोळे शाबूत होते. मग सुकेशनी येऊन तिच्या अंगावर पडली.

दुसरा गोल कुणालाच नीट सांगता आला नाही. संपायला थोडा वेळ होता, गोलापुढे सगळ्यांची गर्दी झाली. कीपरने चेंडू पायाने अडवला आणि तो तिच्या बुटावरच्या जाड पॅडला लागून पुढे थबकला. ती पुन्हा खाली पडली, पण आता तिचं डोकं दुसऱ्या बाजूला होतं, आणि राजेश्रीने ते बघितलं. बघायला लागला तेवढा वेळ गेला. एक स्टिक तिच्या पोटरीवर बसली. तिने चेंडू आपल्याकडे ओढला, पडलेल्या पायांना वळसा घातला आणि हलकेच पुढे ढकलला. तो इतका सावकाश गेला की रेषा ओलांडेपर्यंत सगळे बघत होते.

सामना जिंकल्याची शिट्टी वाजली तेव्हा ती सरांकडे पळाली. "फोन लावा."

या वेळी मोठ्या मायने उचलला. "दवाखान्यातच हाव. या," एवढंच म्हणाली आणि ठेवला. तिच्या आवाजावरून काही कळेना. राजेश्री सरांनी मैदानावर कुणाकडून तरी मागून घेतलेल्या मोटारसायकलवर मागे बसून गेली, नडगीला बांधलेले शिनपॅड तसेच.

दवाखान्याच्या पायरीवर मोठी माय एकटीच बसली होती. सर आत गेले. राजेश्री खालीच उभी राहिली.

"पट्टी काढली," मोठी माय म्हणाली. पंधरा दिवसांनंतर ती राजेश्रीशी बोलत होती. "उजेड कळतो. मानूस हाय का न्हाई ते कळतं. चेहरा न्हाई कळत. डॉक्टर म्हनले अजून जरा सुधरंल, पर पहिल्यासारखा न्हाई होनार."

राजेश्री पायरीवर बसली.

"मी तुला बोलले न्हाई," मोठी माय समोरच्या रस्त्यावरच्या ऑटोंकडे बघत म्हणाली. "राग होता म्हून न्हाई. राग तर होताच. पर मला माझंच भ्याव वाटायचं. तोंड उघडलं आसतं तर काय निघालं आसतं देव जाने. आन तू माझ्या जिम्मेदारीवर हाईस. तुझ्या मायला मी काय सांगितलं आसतं?"

"मोठी माय, मी..."

"गप. तुझं काईच ऐकायचं न्हाई मला आज." तिने पदराने नाक पुसलं. "जिंकलात का?"

"हाव."

मोठ्या मायने मान हलवली.

परतीच्या एसटीत राजेश्री त्यांच्याबरोबरच बसली. पंकजाला काळा चष्मा दिला होता. गाडी दैठण्याच्या पुढे गेल्यावर ती म्हणाली, "मला आता गोलात हुबं ऱ्हाता येनार न्हाई, राजे. चेंडू किती लांब हाय तेच कळायचं न्हाई." आणि राजेश्रीला काही सुचायच्या आत तिने विचारलं, "सांग. पहिला कसा गेला?"

राजेश्रीने सांगितलं. उंच कीपर, सुकेशनीचा आडवा फटका, तिरकी स्टिक.

"कोनता पाय रोवला होता?"

"डावा."

"टाच टेकलेली होती का निस्ता चवडा?"

राजेश्रीने आठवून बघितलं. "टाच. पूर्ण टेकलेली."

"मंग तिला दर बारीला तिथंच गोल बसनार," पंकजा म्हणाली. तिला ते मनापासून आवडलं होतं. तिने पाण्याच्या बाटलीसाठी हात पुढे केला. हात बाटलीच्या अलीकडेच बंद झाला. पुन्हा केला, बोटं बाटलीच्या बाजूने निघून गेली. राजेश्रीने बाटली पुढे सरकवायला हात उचलला, तेवढ्यात पंकजाने ती चाचपून धरली आणि झाकण काढलं. खिडकीपाशी बसलेली मोठी माय बाहेरच्या तुरीच्या शेतांकडे बघत राहिली.

"आन दुसरा?" पंकजाने पाणी पिऊन विचारलं.

राजेश्रीने दुसरा गोल सांगायला सुरुवात केली.